एल्कच्या शिकारीची तयारी: हिशोब गोळीनंतरचा मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, मुक्काम ह्यूस्टन. विशी-पंचविशीत सह्याद्रीत भरपूर भटकंती झाली, पण गेली दहा वर्षं बैठं काम. आता ऑक्टोबरअखेरीस ऑफिसातल्या दोन अमेरिकन मित्रांबरोबर कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स भागात, रायफलच्या दुसऱ्या हंगामात, एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरतंय. गाडी सोडून पाच मैल आत तंबू ठोकायचा बेत आहे आणि हाताशी आठ महिने आहेत. व्यायाम कोणता करावा आणि सामान कसं पारखून घ्यावं?

मी कोलोरॅडोत राहतो. इथल्या डोंगरांत बरेच हंगाम एल्कच्या मागे हिंडलो आहे आणि पहिल्यांदाच येणाऱ्या मंडळींसोबतही गेलो आहे. एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. तयारी करताना गोळी झाडण्याचा क्षण नव्हे, तर त्यानंतरचे दोन दिवस डोळ्यासमोर ठेवा. जनावर पडलं की खरं काम सुरू होतं. त्या कामाला तुमचं शरीर, पाठीवरचा पॅक, पायातले बूट आणि हातातली सुरी पुरे पडणार का, हा एकच प्रश्न आठ महिने स्वतःला विचारत राहा.

आकडे बघा. पूर्ण वाढलेला नर एल्क ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास असते. सगळी हाडं काढून टाकली तरी मोठ्या नराचं ९० ते १०० किलो मांस उरतं. शिंगं नेणार असाल तर त्यांचं ओझं वेगळं. एका माणसाने २५ किलोच्या हिशोबाने वाहिलं तर चार खेपा झाल्या. गाडीपासून पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. चार वेळा भरलेल्या पाठीने बाहेर आणि तीन वेळा रिकामं परत आत, असे ५६ किलोमीटर. तेही तीन हजार मीटर उंचीवर, पडलेली झाडं ओलांडत, कदाचित बर्फातून. तिघांनी वाटून घेतलं तर काम एका लांबलचक दिवसात बसतं, पण तिघंही त्या ताकदीचे हवेत.

इथे चाकं वापरता येत नाहीत, हे अनेकांना आल्यावर कळतं. फ्लॅट टॉप्सचा मोठा भाग संरक्षित 'विल्डरनेस' आहे. १९१९ मध्ये वनखात्याने आर्थर कारहार्ट यांना तिथल्या ट्रॅपर्स लेकभोवती उन्हाळी बंगल्यांसाठी पाहणी करायला पाठवलं, आणि त्यांनी शिफारस केली की इथे काहीच बांधू नये. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यामागच्या विचाराची एक मुळी त्या तळ्याकाठी आहे. तो परिसर आज तसाच राहिला आहे तो त्यामुळेच, आणि म्हणूनच तिथे मोटार, सायकल तर नाहीच, पण मांस ओढायची दोन चाकांची गाडीसुद्धा चालत नाही. ओझं न्यायचं ते पाठीवर किंवा घोड्या-खेचरांवर. खाण्याजोगं मांस टाकून येणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला मारलं त्याचं मांस सडू देणं मला सहनच होत नाही.

म्हणून तुमच्या बेतात पहिली दुरुस्ती सुचवतो: पाच मैल खूप झाले. पहिल्या वेळी तळ गाडीपासून दीड-दोन मैलांवर ठेवा आणि तिथून हिंडा. पाच मैलांचाच आग्रह असेल तर परवानाधारक आउटफिटरशी (शिकाऱ्यांना घोडे-खेचरं पुरवणाऱ्या व्यावसायिकाशी) उन्हाळ्यातच बोलून ठेवा, की जनावर पडलं तर घोडे पाठवाल का, किती वेळात पाठवाल आणि पैसे किती. जनावर पडल्यावर फोन करून घोडे मिळत नाहीत; हंगामात ते सगळे कुठे ना कुठे गुंतलेले असतात.

आता शरीर. व्यायामाच्या आधी डॉक्टर. ही औपचारिकता समजू नका. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार लवकर आणि जास्त प्रमाणात होतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये आपला वंश जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. चाळिशीतला बैठं काम करणारा माणूस, विरळ हवा, थंडी, पाठीवर ओझं आणि समोर एल्क दिसल्यावर उसळलेलं रक्त, हे सगळं एकाच दिवशी एकत्र येणार आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. काय करायला निघालात ते डॉक्टरांना नीट समजावून सांगा आणि हृदयाच्या ताणचाचणीची (स्ट्रेस टेस्टची) गरज आहे का ते त्यांनाच विचारा.

उंचीबद्दल. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. फ्लॅट टॉप्सवर तुमचा तंबूच तीन हजार मीटरच्या वर असेल. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळपास एकतृतीयांशाने कमी. ह्यूस्टनमध्ये राहून याचा सराव होत नाही, तोंडावर बांधायचे मुखवटे विकत घेऊन तर मुळीच नाही. दोनच गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, दम इतका वाढवा की त्यातला काही भाग उंचीने खाल्ला तरी पुरेसा उरेल. दोन, लवकर या. हंगाम सुरू होण्याच्या तीन दिवस आधी मीकरला पोचा. ते गाव साधारण १,९०० मीटरवर आहे. तिथे एक रात्र काढा, मग वर जाऊन दोन दिवस नुसता तळ लावा, पाणी-लाकूड बघा, हळूहळू फिरा. पहिल्या रात्री डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागली नाही तर तो विरळ हवेचा त्रास समजा आणि आणखी वर चढू नका. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणं असंबद्ध होऊ लागलं तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली घेऊन जायचं; अशा वेळी सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. विरळ हवेच्या त्रासावर डायमॉक्सच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या आणि आधी एकदा घरी घेऊन बघा, कारण बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे त्यांचे नेहमीचे परिणाम आहेत.

व्यायामाचं वेळापत्रक मी फार बारीक करून देणार नाही. पहिले दोन महिने नुसता पाया घाला: आठवड्यातून चार दिवस पाऊण ते एक तास, बोलता येईल इतक्याच वेगाने चालणं किंवा सायकल. चाळिशीतले लोक इथेच घाई करतात. पहिल्याच आठवड्यात धावत सुटतात आणि गुडघा नाहीतर टाचेची शीर धरून बसतात. त्याच काळात आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम करा: बैठका, एका पायावरच्या बैठका, पुढे पाऊल टाकून वाकणं, जमिनीवरून वजन उचलणं आणि पोट-कमरेसाठी प्लँक. छाती-दंड कमावण्यात वेळ घालवू नका. डोंगरात लागतात त्या मांड्या, पोटऱ्या, कुल्ले आणि कंबर.

तिसऱ्या महिन्यापासून पाठीवर ओझं घ्या. सुरुवात आठ-दहा किलोंनी करा, दर दोन आठवड्यांनी दोन किलो वाढवा. ह्यूस्टनला टेकडी नाही ही अडचण खरी, पण पार्किंगच्या बहुमजली इमारती आहेत, स्टेडियमच्या पायऱ्या आहेत, जिममधलं ट्रेडमिल १५ टक्के चढावावर लावता येतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी व्यायाम सगळ्यात कंटाळवाणाही आहे: गुडघ्याच्या किंचित खाली येईल अशा उंचीचा भक्कम ठोकळा घ्यायचा आणि पाठीवर ओझं घेऊन त्यावर चढ-उतार करत राहायचं. डावा, उजवा, डावा, उजवा. अर्धा तास, मग पाऊण तास. उतरताना धपकन पाय टाकायचा नाही, हळू, ताब्यात ठेवून टाकायचा. मांस बऱ्याचदा उतारावरूनच खाली आणावं लागतं आणि उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. त्याला ती सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी तंबूतून उठवत नाही, आणि तुमच्या खेपा तर अजून शिल्लक असतात.

आपण कुठवर आलो हे बघायला एक मोजमाप वापरा. अमेरिकेत जंगलातली आग विझवणाऱ्या जवानांची 'पॅक टेस्ट' असते: पाठीवर ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो घेऊन, सपाट जमिनीवर तीन मैल, न धावता, ४५ मिनिटांत. ह्यूस्टनच्या सपाटीला ही चाचणी अगदी सोयीची. जुलैपर्यंत ती जमली तर तुम्ही ठीक मार्गावर आहात. पाचव्या-सहाव्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस २५ किलोंपर्यंत जा, त्याहून वर क्वचितच. सरावात ३५-४० किलो उचलून पाठ धरण्यात काही अर्थ नाही. आणि ह्यूस्टनचा उन्हाळा बेताने घ्या; पहाटे चाला, पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या. निघण्याआधी दहा-बारा दिवस सगळं हलकं करा.

सह्याद्रीचा तुमचा अनुभव वाया जाणार नाही. घसरड्या मुरमावर पाय कसा टाकायचा, अंधारात वाट कशी शोधायची, ओलं होऊनही डोकं कसं शांत ठेवायचं, हे अंगात मुरलेलं असतं. फरक असा की तिथे पाठीवर सात-आठ किलोंची सॅक असते आणि पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. फ्लॅट टॉप्सवर चुकलेल्या वस्तूची भरपाई करायला जवळपास कुणी नाही.

आता सामान. नवं सामान घरी उघडून, बघून, पॅकमध्ये भरणं म्हणजे पारखणं नव्हे. प्रत्येक वस्तू तीन अवस्थांत वापरून झाली पाहिजे: तुम्ही दमलेले असताना, ती ओली किंवा गार असताना, आणि अंधारात. शरीराचा सराव आणि सामानाची पारख वेगळी ठेवूच नका. ठोकळ्यावरची चढ-उतार त्याच बुटांत करा, त्याच पॅकने करा, शिकारीला घालणार त्याच पायमोज्यांत करा. एकाच तासात दोन्ही कामं होतात.

पैसे घालायचेच तर आधी बुटांत घाला. घोट्याच्या वर येणारे, तळ कडक असलेले घ्या. मऊ तळाचे बूट ओझ्याखाली दगडावर वाकतात आणि संध्याकाळपर्यंत तळपाय भाजल्यासारखा होतो. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मेरिनो लोकरीचे जाड पायमोजे घालून मापाला घ्या. उतारावर उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर मोठा. सप्टेंबरअखेर त्यांच्यावर सव्वाशे-दीडशे किलोमीटर झालेले असावेत, त्यातले बरेचसे ओझ्यासह. एकदा मुद्दाम पूर्ण भिजवा आणि तसेच दोन तास चाला. कुठे घासतं ते त्या दिवशी कळेल. तिथे आधीच ल्युकोटेप (त्वचेवर घट्ट बसणारी चिकटपट्टी) लावायची सवय करा, फोड आल्यावर नाही.

पॅक म्हणजे ज्याच्या फ्रेमवरून पिशवी मागे सरकवून मधल्या जागेत मांस बांधता येतं असा. साध्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये २५-३० किलो मांस कोंबलं तर ते खाली बसतं आणि माणसाला मागे ओढतं. घरी वाळू भरा, पण चौकोनी गोणीत नाही. ज्या कापडी पिशव्या मांसासाठी नेणार आहात त्यांतच भरा. मागच्या फऱ्याचं, म्हणजे मांडीसकट मागच्या पायाचं, मांस तसंच लिबलिबीत, बेढब असतं. ओझं पाठीच्या कण्याजवळ, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला हवं. कमरपट्टा कुल्ल्याच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, आणि खांद्याच्या वरून फ्रेमकडे जाणारे पट्टे साधारण ४५ अंशांत ताणलेले दिसले पाहिजेत. एक तास चाला. खांदे दुखले तर माप किंवा बांधणी चुकली. खरं ओझं कमरेवर यायला हवं. आणखी एक सराव आवर्जून करा: ओझं जमिनीवर ठेवून, त्याला पाठ लावून बसा, पट्टे बांधा, कुशीवर वळून गुडघ्यांवर या आणि काठ्यांच्या आधाराने उठा. एकट्याने हे जमलं पाहिजे. चालण्याच्या दोन काठ्या मी चैन मानत नाही; ओझ्याखाली गुडघ्यांना त्यांच्याइतका दुसरा आधार नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, अगदी आतलंही. पातळ मेरिनो, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पावसाचा थर, आणि बसून राहताना घालायला भरपूर फुगलेलं जाकीट. चढताना मुद्दाम थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे ठेवा. घामाने भिजलेला माणूस कड्यावर दुर्बीण लावून बसला की वीस मिनिटांत कुडकुडायला लागतो आणि कुडकुडणाऱ्याच्या हातून नेम लागत नाही. पावसाळी जाकीट घालून बागेतल्या पाण्याच्या फवाऱ्याखाली अर्धा तास उभे राहा. त्याचा आवाजही ऐका. काही कापडं चालताना इतकी खसखसतात की झाडीत एल्क शंभर पावलांवरून उठून जातो. रायफलच्या हंगामात कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने बंधनकारक आहे. नारिंगी 'कॅमो' (झाडापानांत लपणारी ठिपक्यांची) छपाई चालत नाही. ते जॅकेट सगळ्यात जाड थराच्या वर आणि पॅक पाठीवर असतानाही दिसतंय ना, हे घरीच आरशासमोर बघा.

झोपेच्या सामानात स्लीपिंग बॅगेवर छापलेल्या आकड्यांपैकी 'कम्फर्ट'चा (आरामात झोप लागेल त्या तापमानाचा) आकडा धरा, 'लिमिट'चा (जेमतेम निभेल त्याचा) नाही. ऑक्टोबरअखेरच्या रात्री उणे दहा सेल्सियसपर्यंत सहज उतरतात. खालच्या गादीचा आर-आकडा (ऊब अडवण्याचं माप) चारच्या वर हवा. जमीन माणसाची ऊब हवेपेक्षा जास्त शोषते आणि नवखे लोक इथेच काटकसर करतात. तंबू अंधारात, हातमोजे घालून उभारता आला की पुरे. तो लावताना मात्र वर बघा. इथल्या जंगलात साल-किड्यांनी मारलेली, वाळून उभी असलेली झाडं फार आहेत आणि ती वाऱ्यात मोडून पडतात.

स्टोव्हचा गॅस थंडीत दगा देतो. ब्युटेन शून्याच्या जवळपास, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास वायुरूप व्हायचं थांबतं, म्हणून पहाटे डबा भरलेला असूनही ज्योत मिणमिणते. डबा रात्री बॅगेत उबेला घेऊन झोपा. घरी तो फ्रीजरमध्ये ठेवू नका, पण लायटर आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी चालतात का बघा. पोकळ धाग्यांचा पाण्याचा फिल्टर एकदा आतून गोठला की निकामी होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. तोही रात्री बॅगेत घ्या, शिवाय क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांतच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायची आशा धरू नका. घरी भाजून, फोडणी घालून ठेवलेला उपम्याचा रवा, पातळ पोहे, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की हे उत्तम चालतं. उंचीवर भूक मरते आणि अनोळखी पाकिटातलं जेवण घशाखाली उतरत नाही. जे नेणार ते लांबच्या सरावाच्या दिवशी खाऊन बघा.

रायफल. मित्राची आयत्या वेळी घेऊ नका, आठही महिने एकच ठेवा आणि गोळ्याही त्याच जातीच्या, शक्यतो त्याच खेपेच्या. कोलोरॅडोत एल्कसाठी कायद्याने किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, माझ्या मते .२७०, .३०८ किंवा थर्टी-ऑट-सिक्स यांपैकी जी तुमचा खांदा न बिचकता झेलतो ती घ्या. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून १०० यार्डांवर झिरो झाली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसू लागली, की टेबल सोडा. डोंगरात टेबल नसतं. पॅकवर टेकवून झोपून, बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने मारायचा सराव करा. मग रेंजच्या नियमांत बसेल तसा दम लागू द्या: रायफल रिकामी जागेवर ठेवून दोनशे-तीनशे मीटर झपाट्याने चालून या, बसा, आणि अर्ध्या मिनिटात पहिली गोळी. २० सेंटिमीटरची कागदी थाळी लावा. दम लागलेल्या अवस्थेत, मैदानी बैठकीतून, ज्या अंतरावर प्रत्येक गोळी थाळीत बसते ते तुमचं अंतर. ते १५० यार्ड निघालं तर १५० यार्ड, आणि समोर कितीही मोठा नर उभा राहिला तरी ते बदलायचं नाही. जखमी होऊन निसटलेला एल्क दऱ्या ओलांडून जातो आणि कुणाच्याही उपयोगी न पडता मरतो. घरी रिकाम्या रायफलवर रोज दहा मिनिटं नुसता घोडा दाबायचा सराव करा; रिकामी आहे हे दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रवासात स्कोप हलतो, म्हणून कोलोरॅडोत पोचल्यावर झिरो पुन्हा तपासल्याशिवाय डोंगर चढू नका.

सुरीचा सराव फार थोडे करतात. तुम्ही गावी कापाकापी पाहिली असेल, पण ३०० किलोच्या जनावरावर अंधारात काम करणं वेगळं. कसायाकडून अख्खा बोकड किंवा निदान मागचे फरे घ्या आणि घरी स्वतः हाडं सोडवा. दुसऱ्या वेळी रात्री अंगणात, फक्त हेडलॅम्पच्या उजेडात. एल्क बहुतेक वेळा संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात दिसतो, त्यामुळे तुमचं पहिलं जनावर रात्रीच सोलायचं आहे असं धरूनच चाला. पोट न फोडता, एका कुशीवर ठेवून फरे आणि पाठीचं मांस सोडवायची पद्धत शिका. तिघांना ती सोपी पडते. बदलत्या पात्यांच्या सुऱ्या धारदार असतात, पण दमलेल्या हातात त्या स्वतःलाच कापतात. म्हणून एक साधी, पक्की सुरी आणि छोटी धार लावायची पट्टी बरोबर हवीच, शिवाय रक्त थांबवायची पट्टी आणि टूर्निके (हात-पाय आवळून रक्तस्राव रोखायचा पट्टा). मांसाचा पहिला शत्रू उष्णता. एल्कची कातडी इतकी जाड असते की बाहेर बर्फ असूनही मांडीच्या हाडाजवळचं मांस रातोरात आंबू शकतं. कातडी लगेच काढा, फरे वेगळे करा, हवा खेळेल अशा पिशव्यांत घालून सावलीत टांगा, तळापासून दूर, कारण काळी अस्वलं इथे आहेत. नर-मादी ओळखण्याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते आणि टॅग (परवान्याबरोबर मिळणारी, जनावराला लावायची चिठ्ठी) जागेवरच भरावा लागतो. हे दोन्ही कसं करायचं ते नियमपुस्तिकेत चित्रांसह असतं.

हरणवर्गातला 'क्रॉनिक वेस्टिंग' हा रोग कोलोरॅडोत आहे. तो पहिल्यांदा १९६० च्या दशकात याच राज्यात दिसला. डोक्याचा नमुना तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका. त्याच कारणाने मेंदू आणि मणका राज्याबाहेर नेण्यावर अनेक ठिकाणी बंदी आहे, म्हणून ह्यूस्टनला न्यायचं ते हाडं काढलेलं मांसच.

संपर्काला गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावर चालणारं यंत्र घ्या. त्याचं सदस्यत्व चालू करून घरच्यांना निरोप पाठवून बघा, दाट झाडीखाली किती वेळ लागतो तेही बघा. नकाशे फोनवर उतरवून ठेवा, आणि एक कागदी नकाशा व होकायंत्र वापरता येईल इतका सराव ठेवा.

या सगळ्याची रंगीत तालीम दोनदा करा. पश्चिम टेक्सासात ग्वादालुपे पीक आहे, २,६६७ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वाट सुमारे ९०० मीटर चढते. पाठीवर ओझं घ्यायला लागल्यावर, मेअखेर एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा, तिघंही मिळून, शिकारीचं पूर्ण सामान घेऊन जा. रायफलऐवजी तेवढ्या वजनाचं काहीतरी. रात्री वर मुक्काम करा. परत आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा: काय वापरलंच नाही, काय कमी पडलं, काय टोचलं. पहिल्या तालमीनंतर माणसं दोन-तीन किलो सामान सहज कमी करतात. कमी झालेल्या प्रत्येक किलोच्या जागी मांस येणार आहे.

कागदपत्रं मात्र आजच हाती घ्या. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. टेक्सासचं कोलोरॅडोत चालतं. शिकार परवान्यांच्या सोडतीच्या अर्जांची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तुमच्या भागाचा परवाना सोडतीतून मिळतो की थेट विकत, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघा, कारण नियम बदलत राहतात. आणि एच-१बी किंवा तशाच बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्याला अपवाद आहे. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा प्रश्न येत नाही. व्हिसावर असाल तर रायफलला हात लावण्याआधी, रेंजवरच्या सरावाआधीसुद्धा, वकिलाला विचारा.

शेवटचं काम मित्रांबरोबर बसून करायचं आहे, आणि ते ऑक्टोबरमध्ये नाही, आत्ताच. तिघांपैकी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं, हे मान्य आहे का? कुणाचं डोकं दुखलं तर कोण त्याच्याबरोबर खाली उतरणार? दुपारनंतर, कड्याच्या पलीकडच्या खोल दरीत जनावर दिसलं तर गोळी झाडायची की नाही? आणि पहिलं जनावर पडल्यावर बाकी दोघांनी रायफली रिकाम्या करून ते मांस गाडीपर्यंत पोचेस्तोवर दुसऱ्यावर नेम धरायचा नाही, हे तिघांना कबूल आहे का? तीन माणसांच्या पाठीवर एका वेळी एकच एल्क मावतो. यातल्या एकाही प्रश्नावर कुणी आढेवेढे घेतले तर तळ कुठे टाकायचा याचा विचार नंतर करा, आधी ते मिटवा.